बँकेत जायचंय? नागपूरच्या नवख्यांसाठी, भिशीपासून कॅश काउंटरपर्यंत

नंदनवनच्या एका अभ्यासिकेत गेल्या रविवारी कुहीची एक मुलगी भेटली. बीएस्सी झालेली, हातात जाडजूड प्रश्नसंच. म्हणाली, "ताई, फॉर्म तर भरून राहिली मी, पण हे रेपो-बिपो काय असते, काहीच समजून नाही राहिलं." मी विचारलं, नॉन-क्रिमीलेअर काढलंस का? "आहे ना, कॉलेजच्या स्कॉलरशिपसाठी काढलं होतं तेच." माझ्या पोटात गोळा आला. नेमक्या ह्याच उत्तरापायी माझी हातात आलेली पहिली नोकरी गेली होती.

मी आज एका सरकारी बँकेच्या शाखेत क्लार्क आहे. तिसऱ्या प्रयत्नात लागले. पहिल्यात अभ्यास कच्चा होता, दुसऱ्यात कागद कच्चे होते. घरात बँकेतलं कुणी नव्हतं, त्यामुळे विचारायचं कुणाला हाच प्रश्न असायचा. आपल्याकडची बहुतेक मुलं आधी क्लासची फी भरतात, मग फॉर्म, मग धावपळ करत कागद, आणि पैशाच्या व्यवहाराची समज शेवटी, तीही पाठांतर करून. माझं सांगणं असं की हा क्रम उलटा करा. आधी समज, मग कागद, मग फॉर्म. क्लास लावायचा की नाही ते सगळ्यात शेवटी ठरवा.

## १. आधी पैसा कसा चालतो ते समजून घ्या

माझी आई वस्तीतली भिशी चालवायची. बारा बायका, महिन्याला हजार रुपये, दर महिन्याला एकीला बारा हजार. आईच्या वहीत एका बाजूला नावं, दुसऱ्या बाजूला महिने, आणि पैसे दिले की निळी टिकली. ह्या वहीतच अर्धं बँकिंग आहे, फक्त नीट पाहावं लागतं.

पहिल्या महिन्यात बारा हजार उचलणारी बाई स्वतःचे हजार भरून बाकीचे अकरा हजार खरं तर इतरांकडून उसने घेते आणि वर्षभर फेडते. ती कर्जदार. शेवटच्या महिन्यात उचलणारी अकरा महिने साठवत असते. ती ठेवीदार. साध्या भिशीत दोघींना बारा हजारच मिळतात, म्हणजे शेवटची बाई वर्षभर थांबली त्याचं तिला काहीच मिळत नाही. आता बोलीची भिशी घ्या. एखादीला पोराच्या फीसाठी आत्ताच पैसे हवेत, ती म्हणते, मला बारा नको, अकरा हजार द्या. उरलेले हजार बाकीच्यांत वाटले जातात. ते हजार रुपये म्हणजे व्याज. पैसा आज मिळणं आणि वर्षाने मिळणं ह्यात फरक आहे, आणि त्या फरकाची किंमत व्याजात मोजली जाते. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं जातं.

बँक म्हणजे अनोळखी लोकांची भिशी चालवणारी संस्था. ठेवीदाराला कमी व्याज देते, कर्जदाराकडून जास्त घेते, मधल्या फरकावर पगार, भाडं आणि बुडीत कर्ज भागवते. बचत आणि चालू खात्यातला पैसा बँकेला स्वस्तात पडतो, म्हणून शाखेत 'कासा वाढवा, कासा वाढवा' हा घोष कायम ऐकू येईल. कासा म्हणजे हीच दोन खाती.

रेपो दर म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना अल्प मुदतीसाठी ज्या दराने पैसा देते तो दर. १ ऑक्टोबर २०१९ पासून बदलत्या व्याजदराची नवी घरकर्जं आणि वैयक्तिक कर्जं बाहेरच्या एखाद्या दराला जोडणं बँकांना बंधनकारक झालं, आणि बहुतेक बँकांनी त्यासाठी रेपो निवडला. म्हणून मुंबईत रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीने रेपो बदलला की मानेवाड्यातल्या माणसाच्या घरकर्जाच्या हप्त्यावर किंवा मुदतीवर परिणाम होतो. समितीत सहा सदस्य असतात. महागाई ४ टक्क्यांवर ठेवायची, खालीवर २ टक्क्यांची मोकळीक, हे तिचं लक्ष्य. हे परीक्षेत येतं आणि मुलाखतीतही विचारतात.

व्याजाचा एक सापळा जरा सविस्तर सांगते, कारण काउंटरवर रोज पाहते. गाडीच्या दुकानात सांगतात, "फक्त दहा टक्के." एक लाख, दोन वर्षं. हिशोब असा: वर्षाला दहा हजार, दोन वर्षांचे वीस हजार, एकूण १,२०,००० भागिले २४, हप्ता ५,००० रुपये. हा झाला फ्लॅट दर. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता, मग व्याज शेवटपर्यंत पूर्ण लाखावर का? शिल्लक मुद्दलावर दहा टक्के लावले तर हप्ता सुमारे ४,६१४ येतो आणि दोन वर्षांचं व्याज सुमारे १०,७४८ होतं. म्हणजे दुकानातले ते 'दहा टक्के' शिल्लक रकमेवर मोजले तर १८ टक्क्यांच्या आसपास जातात. हे गणित स्वतः कागदावर एकदा तरी करा. पुढे हेच गणित तुम्ही दुसऱ्याला समजावून सांगणार आहात.

आणखी चार गोष्टी, थोडक्यात:

- महागाई: एक लाखाची एफडी ७ टक्क्यांनी, तिमाही चक्रवाढीने, वर्षाला १,०७,१८६ होते. महागाई ६ टक्के असेल तर एक लाखाचं सामान १,०६,००० ला मिळतं. खरा फायदा बाराशेच्या आत, तोही कर कापण्याआधी.
- ७२ चा नियम: ७२ ला व्याजदराने भागा, पैसे दुप्पट व्हायला लागणारी वर्षं कळतात. ८ टक्क्यांना ९ वर्षं. कुणी दोन वर्षांत दुप्पट करून देतो म्हणाला तर ह्या नियमाने तो वर्षाला सुमारे ३६ टक्के देतो म्हणतोय. तो एवढे कमावणार कुठून, हे विचारा.
- एनपीए: कर्जाचा हप्ता किंवा व्याज ९० दिवसांपेक्षा जास्त थकलं की ते खातं अनुत्पादक ठरतं.
- ठेव विमा: डीआयसीजीसी ह्या रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा संस्थेकडून एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत संरक्षण. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ते १ लाख होतं. सहकारी बँकांनाही ते लागू आहे, पतसंस्थांना नाही. आपल्या भागात गल्लोगल्ली पतसंस्था आहेत आणि लोक त्यांना बँकच म्हणतात, म्हणून हा फरक घरच्यांनाही सांगा.

आमचे बाबा कळमना मार्केटमध्ये एका अडत्याकडे दिवाणजी होते. मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये यायची, तेव्हा शेतकऱ्याला पैसे लगेच द्यावे लागायचे आणि बाहेरगावचा व्यापारी मात्र महिनाभराने द्यायचा. मधला खड्डा अडत्या बँकेच्या सीसी लिमिटमधून, म्हणजे लागेल तसं उचलायच्या आणि आले की भरायच्या कर्जातून, भरायचा. खेळतं भांडवल म्हणजे काय हे मला पुस्तकाआधी बाबांच्या जेवतानाच्या बोलण्यातून कळलं. तुमच्याही घरी शेती, किराणा, शिलाई, ऑटो, काहीतरी असेलच. त्याचा महिन्याचा हिशोब मांडून पाहा.

## २. कोणता रस्ता तुमचा, ते ठरवा

चार मुख्य वाटा आहेत आणि चौघींचा स्वभाव वेगळा आहे.

सरकारी बँक. देशात सध्या बारा सरकारी बँका आहेत. स्टेट बँक स्वतःची भरती स्वतः करते, बाकी अकरा बँकांची भरती आयबीपीएस ही बँकांच्या परीक्षा घेणारी संस्था करते. शिक्षणाची अट कोणत्याही शाखेची पदवी. आयबीपीएस क्लार्कसाठी वय २० ते २८, पीओसाठी, म्हणजे प्रोबेशनरी ऑफिसरसाठी, २० ते ३०. ओबीसींना ३ आणि अनुसूचित जाती-जमातींना ५ वर्षांची सवलत. क्लार्कचं मूळ वेतन २४,०५० पासून आणि पीओचं ४८,४८० पासून सुरू होतं, वर महागाई भत्ता आणि बाकीचे भत्ते. पीओची बदली देशात कुठेही होते, क्लार्क साधारणपणे आपल्या राज्यात राहतो. घरी म्हातारे आईवडील असतील तर पगाराच्या आकड्याआधी हे बघा. क्लार्कला मुलाखत नसते आणि परीक्षा मराठीतूनही देता येते, पीओची मात्र इंग्रजी-हिंदीतच. मराठी माध्यमाच्या मुलांना हे बरेचदा ठाऊकच नसतं.

ग्रामीण बँक. हिची परीक्षाही आयबीपीएसच घेते, ऑफिस असिस्टंटचं वय १८ ते २८. नागपूरला मुख्यालय असलेली विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. जुन्या प्रश्नसंचात अजून दोन वेगळी नावं दिसतात, तिथे फसू नका.

खाजगी बँक. लवकर मिळते, मार्कांची घासाघीस कमी, पण सुरुवात बहुतेक वेळा विक्रीपासून होते आणि डोक्यावर टार्गेट असतं. माणसांशी बोलायला आवडत असेल तर इथे लवकर पुढे जाता येतं. माझ्या दोन मैत्रिणी गेल्या, एक आज शाखा सांभाळते, एक आठ महिन्यांत परत आली. दोघीही हुशार होत्या.

गुंतवणूक. म्युच्युअल फंड वितरक, ब्रोकरच्या ऑफिसातलं काम, पुढे संशोधन विश्लेषक किंवा सल्लागार. ह्याबद्दल सातव्या पायरीत.

सीए, सीएफए, एमबीए ह्या लांब पल्ल्याच्या वाटा. सीए करायचं असेल तर धंतोलीत सीए संस्थेची नागपूर शाखा आहे, तिथे प्रत्यक्ष जाऊन विचारा. एमबीएसाठी मिहानमध्ये आयआयएम आहे, पण तिथे प्रवेश कॅटमधून, केवळ नागपूरकर आहात म्हणून काही सूट नाही.

## ३. कागदपत्रं: इथे घाई करू नका

माझी जात राज्याच्या यादीत भटक्या जमातीत आहे, केंद्राच्या यादीत ओबीसीत. दुसऱ्या प्रयत्नात मी ओबीसीतून क्लार्कची परीक्षा पास झाले, प्रोव्हिजनल अलॉटमेंट आलं, घरी पेढे वाटून झाले. बँकेच्या कार्यालयात कागद तपासायला गेले. समोरच्या मॅडमनी माझं नॉन-क्रिमीलेअर हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं, वरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हा राज्याचा नमुना आहे. केंद्राचा कुठे आहे?" मला असा वेगळा नमुना असतो हेच माहीत नव्हतं. ज्यांच्याकडून दाखला काढला त्यांनी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं. नवा काढला असता तर त्यावर जाहिरातीतल्या मुदतीनंतरची तारीख पडली असती. खुल्या गटाच्या कट-ऑफला माझे मार्क पुरत नव्हते. अलॉटमेंट रद्द झालं. सिव्हिल लाइन्सच्या त्या झाडांखालून मी सीताबर्डीपर्यंत पायी आले, ऑटो करायचंही सुचलं नाही.

म्हणून हे नीट वाचा:

- आयबीपीएस आणि स्टेट बँकेच्या फॉर्ममध्ये एनटी, व्हीजे, एसबीसी असे रकाने नसतात. तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते आधी तपासा. असेल तर ओबीसी भरा आणि केंद्र सरकारच्या नमुन्यातला दाखला काढा.
- एसईबीसी हे राज्याचं आरक्षण आहे, ह्या परीक्षांना लागू नाही. केंद्राच्या यादीत नसाल आणि कुटुंबाचं उत्पन्न व मालमत्ता मर्यादेत बसत असेल तर ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाच्या आरक्षणाचा, विचार करा. तो दाखलाही केंद्राच्या नमुन्यात, आणि जाहिरातीत सांगितलेल्या आर्थिक वर्षाचाच लागतो.
- नॉन-क्रिमीलेअरवर कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतची तारीख चालेल हे जाहिरातीत दिलेलं असतं. ती ओळ लिहून काढून भिंतीवर चिकटवा.
- अर्ज करताना सेतू केंद्रावर किंवा आपले सरकार पोर्टलवर 'केंद्र शासनाच्या नोकरीसाठी' हे स्पष्ट सांगा आणि दाखला हातात आला की खिडकी सोडण्याआधी वाचून बघा.

आता नावाचं. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर बहुतेकांचं शेवटी. कुठे वडिलांचं नाव पूर्ण, कुठे नुसतं आद्याक्षर. लग्न झालेल्या मुलींचं तर तीन कागदांवर तीन तऱ्हा. प्रवेशपत्रावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव तंतोतंत जुळावं लागतं. फॉर्म भरायच्या दोन-तीन महिने आधी आधार, पॅन आणि दहावीचं प्रमाणपत्र शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र किंवा राजपत्र हाताशी हवं.

फाइलमध्ये एवढं असू द्या:

- दहावीचं प्रमाणपत्र, जन्मतारखेसाठी
- दहावी-बारावीची गुणपत्रिका, मराठी विषय दिसेल अशी. क्लार्कला स्थानिक भाषेची चाचणी असते, तिथे कामी येते
- पदवीच्या सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र. निकालाची तारीख कट-ऑफ तारखेच्या आतली हवी
- आधार, पॅन. रेशन कार्ड आणि लर्निंग लायसन्स परीक्षेला ओळखपत्र म्हणून चालत नाही
- जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस, केंद्राच्या नमुन्यात
- पासपोर्ट आकाराचे एकाच दिवशी काढलेले डझनभर फोटो

आणि एक कागद, जो कुणीच सांगत नाही: तुमचा क्रेडिट रिपोर्ट. रुजू होताना बँक तो पाहते. कर्ज किंवा क्रेडिट कार्ड थकवलेल्या उमेदवाराची निवड अडकू शकते. मोबाईल हप्त्यावर घेतला आणि शेवटचे दोन हप्ते राहिले, मित्रासाठी अॅपवरून पाच हजार उचलले आणि विसरलो, अशी थकबाकी तिथे दिसते. देशात चार क्रेडिट ब्युरो आहेत आणि प्रत्येकाकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. आजच काढून पाहा.

## ४. फॉर्म स्वतः भरा

सायबर कॅफेवाल्या भाऊला चाळीस फॉर्म भरायचे असतात. त्याचा मोबाईल नंबर आणि त्याचाच ईमेल फॉर्ममध्ये गेला की पुढचा प्रत्येक ओटीपी त्याच्याकडे. फॉर्म स्वतः भरा, नाहीतर निदान शेजारी बसून भरून घ्या.

चार गोष्टी स्कॅन कराव्या लागतात: फोटो, सही, डाव्या अंगठ्याचा ठसा आणि हाताने लिहिलेलं घोषणापत्र. घोषणापत्र इंग्रजीत, तुमच्याच अक्षरात, आणि सगळी कॅपिटल अक्षरं चालत नाहीत. सहीसुद्धा कॅपिटलमध्ये नको. कोरा पांढरा कागद घ्या, रेघांच्या वहीचं पान नको. स्टॅम्प पॅडवर अंगठा हलकेच टेकवा, आधी जुन्या कागदावर एकदा दाबून जास्तीची शाई काढा, मग पांढऱ्या कागदावर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला लोळवा. रेषा वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत, नुसता निळा ठिपका आला तर पुन्हा. मी सात वेळा केलं होतं.

त्या सहीचा आणि घोषणापत्राचा फोटो काढून ठेवा. परीक्षेच्या दिवशी, कागद तपासणीला आणि रुजू होताना तीच सही आणि तेच अक्षर जुळवून पाहतात. क्लार्कचा फॉर्म भरताना राज्य एकच निवडता येतं. जागा जास्त दिसतात म्हणून दुसरं राज्य निवडलंत तर तिथली भाषा यावी लागते.

## ५. अभ्यास

प्रीलिम्स: १०० प्रश्न, ६० मिनिटं, तीन विभाग, प्रत्येकाला २० मिनिटं, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. हे गुण अंतिम यादीत धरत नाहीत, फक्त मेन्सला पोचण्यापुरते. म्हणून प्रीलिम्सच्या गणितातच सहा महिने घालवू नका. क्लार्कची निवड मेन्सच्या गुणांवर होते आणि तिथे बँकिंगची माहिती लागते. पहिली पायरी नीट केली असेल तर तो भाग पाठ करावा लागत नाही.

क्लास लावलाच तर फी रोख किंवा दोन-तीन टप्प्यांत द्या. 'बिनव्याजी हप्त्यावर' म्हणून एखाद्या वित्तसंस्थेचं कर्ज तुमच्या नावावर करून देतात. क्लास मधेच सोडलात तरी कर्ज चालूच राहतं, हप्ते थकले की तेच क्रेडिट रिपोर्टमध्ये. बँकेत जाण्यासाठी लावलेला क्लासच बँकेच्या दारात अडवतो.

## ६. परीक्षेचा दिवस

सेंटर बहुतेक वेळा शहराबाहेर येतं, हिंगणा रोड, वाडी अशा बाजूला. आदल्या दिवशी जाऊन पाहून या. मेट्रो सोयीची आहे, पण स्टेशनपासून सेंटर किती लांब ते बघा, सकाळी सातला तिथे ऑटो मिळेलच असं नाही. दिलेल्या वेळेनंतर गेट उघडत नाहीत. प्रवेशपत्र, मूळ ओळखपत्र, त्याची झेरॉक्स आणि फॉर्मवरचाच फोटो. आणि मुलींनो, आठवडाभर आधी कुणाच्याही लग्नात बोटांना मेंदी लावू नका, बायोमेट्रिकला ठसा उमटत नाही. माझ्या पुढच्या मुलीला चार वेळा साबणाने हात धुवायला पाठवलं होतं. परीक्षेआधीच ती रडकुंडीला आली.

## ७. गुंतवणुकीच्या कामात उतरायचं असेल तर

म्युच्युअल फंड विकण्यासाठी एनआयएसएम ह्या शेअर बाजाराच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेची पाच-ए मालिकेची परीक्षा लागते. १०० गुण, दोन तास, ५० ला पास, निगेटिव्ह मार्किंग नाही, प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. पॅन आणि आधार हाताशी ठेवा. पास झाल्यावर म्युच्युअल फंड कंपन्यांच्या संघटनेकडे, ॲम्फीकडे, नोंदणी करून एआरएन हा वितरकाचा क्रमांक घ्यायचा. त्याशिवाय कमिशन घेता येत नाही.

परीक्षा महिनाभराच्या मन लावून केलेल्या अभ्यासात निघते. कमाईचं मात्र स्पष्ट सांगते. समजा तुम्ही पन्नास ग्राहक जोडले आणि प्रत्येकाची दोन हजारांची एसआयपी सुरू केली. महिन्याला एक लाख, वर्षाला बारा लाख जमा. पण पैसे महिन्या-महिन्याने येतात, म्हणून वर्षभरातली सरासरी शिल्लक साडेसहा लाखांच्या आसपास. कमिशन ०.८ टक्के धरलं तर पहिल्या पूर्ण वर्षाची कमाई पाच हजारांच्या थोडी वर. महिन्याची नव्हे, वर्षाची. दहा वर्षं टिकलात तर चित्र बदलतं, कारण जुने पैसे साचत जातात. तोवर घर चालवायला दुसरं काही हवं. माझ्या ओळखीतले ह्या कामात टिकलेले सगळे आधी दुसरं काहीतरी करत होते: एलआयसी, करसल्ला, ट्यूशन.

ब्रोकरच्या ऑफिसात बॅक ऑफिसचं काम हवं असेल तर सातव्या मालिकेची परीक्षा पाहा. पगार मोठा नसतो, पण सौदा झाल्यापासून शेअर खात्यात येईपर्यंत काय काय घडतं ते डोळ्यांसमोर दिसतं.

आणि ऑप्शन ट्रेडिंगला करिअर समजू नका. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, सरासरी तोटा माणशी दोन लाखांच्या घरात. टेलिग्रामवर टिप्स देणाऱ्याला सेबीचा नोंदणी क्रमांक मागा आणि तो सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा.

## ८. खाजगी बँकेच्या मुलाखतीत हे विचारा

लाजू नका, विचारणाऱ्याबद्दल मत वाईट होत नाही. नोकरी बँकेच्या स्वतःच्या पगारपत्रकावर आहे की मधल्या एजन्सीच्या? पगारात पक्का किती आणि टार्गेटवर अवलंबून किती? पीएफ कापतात का? महिन्याचं टार्गेट खात्यांचं की विम्याचं? गाडी स्वतःची लागते का, पेट्रोल कोण देतं? उत्तरं वहीत लिहा, आणि ऑफर लेटरमध्ये तेच आहे का ते जुळवा.

नोकरीसाठी डिपॉझिट, ट्रेनिंग फी, गणवेशाचे पैसे, काहीही मागितलं की उठून या. आयबीपीएसमध्ये 'सेटिंग' करून देतो म्हणणाऱ्यांना फोनवर दुसरं वाक्य बोलू देऊ नका. ऑनलाइन पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा, जितकी लवकर तक्रार तितकी रक्कम अडवायची शक्यता जास्त.

## ९. रुजू झाल्यावर

जॉइनिंगच्या दिवशी मूळ कागद आणि त्यांच्या साक्षांकित प्रतींचे दोन संच न्या. पहिल्या वर्षीच जेएआयआयबीचा फॉर्म भरा. ही आयआयबीएफ ह्या बँकिंग संस्थेची, बँकेतल्या लोकांसाठीची परीक्षा पास झालं की वेतनवाढ मिळते, आणि अभ्यासाची सवय एकदा मोडली की पुन्हा बसणं जड जातं.

क्लार्कला बहुतेक वेळा पहिल्या काही आठवड्यांतच कॅशवर बसवतात. संध्याकाळी रोकड कमी भरली तर ती कॅशिअरला स्वतःच्या खिशातून भरावी लागते. गड्डी शंभर नोटांची, मशीनवर दोनदा मोजा, आणि ग्राहक काउंटरवर उभा असतानाच मोजा. पगाराच्या आठवड्यात रांग दारापर्यंत जाते, मागून लोक ओरडतात, "मॅडम, लवकर करा ना." ओरडू द्या. आधी स्लिपवर नोटांचा तपशील लिहून घ्या, मगच पैसे ड्रॉवरमध्ये टाका.